विश्लेषण : विमल हे नाव बाईचे की पुरुषाचे? केजमध्ये एक उत्तर, कोलकात्यात दुसरे!

बीड जिल्ह्यातील केजमध्ये ‘विमल’ म्हटले की आधी आठवतात त्या डॉ. विमल मुंदडा. १९९० पासून सलग ५ वेळा त्या केजमधून आमदार झाल्या आणि राज्याच्या आरोग्यमंत्रीही होत्या. त्यामुळे विमल हे बाईचेच नाव, अशी इथल्या मतदाराची पक्की समजूत. पण हेच नाव कोलकात्यात घेतले तर डोळ्यासमोर येतात ‘दो बीघा जमीन’चे दिग्दर्शक बिमल रॉय. गुजरातमध्येही विमल हे पुरुषाचे नाव आहे. ‘विमल’ कापडाचे नाव धीरूभाई अंबानी यांनी आपल्या पुतण्याच्या नावावरूनच ठेवले होते. एकच नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे कसे चालते? आणि आजच्या बारशांत ते क्वचितच का ऐकू येते?

विमल या नावाचा अर्थ काय?

‘मल’ म्हणजे मळ, डाग. ज्याच्यातून मळ गेला आहे ते विमल. म्हणजे निर्मळ, स्वच्छ. मुळात हे संस्कृत विशेषण आहे आणि संस्कृतात विशेषण तिन्ही लिंगांत चालते. पुरुष असेल तर विमलः, स्त्री असेल तर विमला आणि नपुंसकलिंगी वस्तू असेल तर विमलम्.

दोन्ही बाजूंनी हे नाव जुने आहे. जैन परंपरेतील १३ वे तीर्थंकर विमलनाथ. जैन रामकथा सांगणारे ‘पउमचरिय’ लिहिणारे विमलसूरी. हा ग्रंथ महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत. अबूच्या देलवाडा येथील विमल वसही हे मंदिर १०३१ मध्ये विमल शाह या मंत्र्याने बांधले. हे सगळे पुरुष. दुसरीकडे बौद्ध भिक्खुणींच्या ‘थेरीगाथा’मध्ये विमला नावाची थेरी आहे.

मग महाराष्ट्रात ते बायकांचे नाव कसे झाले?

याचे उत्तर मराठीच्या उच्चारात सापडते. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ बोलताना गळून पडतो. त्यामुळे ‘विमलः’चे ‘विमल’ झाले. त्याच वेळी संस्कृतातील अनेक स्त्रीलिंगी शब्दांचा शेवटचा ‘आ’ही मराठीत येताना गेला. माला झाली माळ, जिव्हा झाली जीभ, संध्या झाली सांज, खट्वा झाली खाट. ‘आ’ गेला तरी हे शब्द स्त्रीलिंगीच राहिले. आपण ‘ती माळ’, ‘ती खाट’ असेच म्हणतो.

याच धर्तीवर विमलाची विमल झाली आणि कमलाची कमल. पुरुषाचे आणि स्त्रीचे अशी दोन वेगळी नावे एकाच रूपात येऊन मिळाली. मराठी घरांत त्यातले स्त्रीचे नाव टिकले. कामगार चळवळीतील नेत्या विमल रणदिवे हे त्याचे एक ठळक उदाहरण. भूदान चळवळीत काम केलेल्या विमला ठकार यांच्या नावात मात्र मूळचा ‘आ’ शाबूत राहिला. बंगाल आणि गुजरातमध्ये ‘विमल’ पुरुषांकडे राहिले आणि स्त्रियांसाठी ‘विमला’ हे पूर्ण रूप वापरात राहिले.

दोघांनाही चालणारी आणखी कोणती नावे आहेत?

अशी नावे साधारण ३ वाटांनी तयार झालेली दिसतात.

पहिली वाट विमलची : शेवटचा स्वर गळाला आणि दोन नावे एकसारखी झाली.

दुसरी वाट लांब नाव आखूड करण्याची. बीडच्या माजी खासदार रजनी पाटील यांचे नाव पाहा. रजनी म्हणजे रात्र. शब्द अस्सल स्त्रीलिंगी. पण रजनीकांतला घरी ‘रजनी’ म्हटले की तो पुरुषाचा होतो. ‘पॉलिटिक्स इन इंडिया’ लिहिणारे राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी हे तर पूर्ण नावानेच रजनी होते. ‘शशी’चे याच्या उलटे. शशी म्हणजे चंद्र, शब्द पुल्लिंगी. शशी कपूर पुरुष. पण शशिकलाही घरी ‘शशी’च होते.

तिसरी वाट निसर्गातील शब्दांची. किरण, कमल, सुमन ही उजेडाची आणि फुलांची नावे. वस्तूचे लिंग व्याकरणाने ठरवलेले असले तरी माणसाला नाव देताना ते कोणी पाहत नाही. यष्टिरक्षक किरण मोरे आणि १९७२ मध्ये भारतीय पोलिस सेवेत आलेल्या पहिल्या महिला अधिकारी किरण बेदी, दोघेही किरणच. लेखिका कमल देसाई आणि अभिनेते कमल हासन यांचेही तसेच.

मराठवाड्यात घरोघरी आढळणारे ‘कृष्णा’ही याच यादीत बसते. इथे तो मुलगा असतो. नदी म्हणून मात्र ती स्त्री आहे आणि महाभारतात द्रौपदीचेही एक नाव कृष्णाच आहे.

बोलताना गोंधळ कसा होत नाही?

मराठीत लिंग सांगण्याचे काम नावापेक्षा क्रियापद अधिक चोख करते. ‘किरण आला’ आणि ‘किरण आली’ यात शंकेला जागाच नाही. शिवाय आपण नावापुढे नाते किंवा मान जोडतो. विमलताई, विमलबाई, विमलकाकू म्हटले की प्रश्न मिटतो. गोंधळ होतो तो नाव एकटे उभे असते तिथे. म्हणजे यादीत, अर्जात, पासबुकावर आणि मोबाइलच्या संपर्क यादीत.

विमल हे नाव मागे का पडले?

याचे उत्तर केजच्या आमदारांच्या नावांतच दिसते. विमल मुंदडा यांचे मार्च २०१२ मध्ये निधन झाले. त्यानंतर २०१४ मध्ये संगीता ठोंबरे निवडून आल्या. २०१९ आणि २०२४ मध्ये विजयी झालेल्या नमिता मुंदडा या विमल मुंदडा यांच्या सूनबाई.

विमल, संगीता, नमिता. नावे ठेवण्याची पद्धत कशी बदलत गेली, ते या तीन नावांवरून समजते. आजी-पणजीच्या पिढीत विमल, कमल, सुमन, कुसुम अशी व्यंजनावर थांबणारी नावे घरोघर होती. पुढच्या पिढ्यांत संगीता, सुनीता, नमिता अशी ‘आ’ने संपणारी नावे आली. त्यामुळे मुलगा नमित आणि मुलगी नमिता असा फरक नावातच स्पष्ट झाला. आता पालकांना शाळेत दुसऱ्या कोणाचे नसेल असे नाव हवे असते आणि आजीच्या काळातील नाव ‘जुने’ वाटते. त्यामुळे विमल एका पिढीपुरते उरले.

नव्या नावांतही जुना घोळ वेगळ्या रूपात परतला आहे. मुलगा आर्य आणि मुलगी आर्या. मराठीत फरक स्पष्ट दिसतो. इंग्रजी अक्षरांत मात्र दोन्ही नावे बहुधा एकसारखीच लिहिली जातात.

बीडमध्ये मुलीच्या नावाचा प्रश्न मोठा का?

२००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात १,००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ही संख्या ८०७ पर्यंत घसरली. मुलगी नको असल्याची खूण केवळ आकड्यांत नाही, नावांतही उमटते. राज्यात अनेक मुलींची नावे ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी ठेवली गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८० हून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली.

या पार्श्वभूमीवर विमलसारख्या नावाचा अर्थ वेगळाच भासतो. एकीकडे जन्मालाच डाग मानणारे ‘नकोशी’, दुसरीकडे ‘डाग नसलेली’ असे सांगणारे विमल. दोन्ही नावे मुलीला आयुष्यभर हाक मारताना ऐकावी लागतात.

असे नाव ठेवायचे असेल तर काय काळजी घ्यावी?

मुलाला अथवा मुलीला किरण, विमल किंवा शशी असे नाव ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. जन्मनोंदणीत लिंगाचा रकाना वेगळा असतो; नावावरून ते ठरत नाही. मात्र काही गोष्टी पाहून घ्याव्यात.

• जन्माची नोंद नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येते.

• १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्म प्रमाणपत्र हाच शाळाप्रवेश, आधार, पारपत्र, मतदार यादी यांचा मुख्य आधार आहे. प्रमाणपत्र हातात येताच नावाबरोबर लिंगाचा रकानाही वाचून पाहावा.

• १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांचे नाव राज्यात बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहिले जाते. आईचे नाव किरण किंवा विमल असेल तर वाचणारा ते वडिलांचे समजू शकतो. म्हणून आई आणि वडील यांचे रकाने तपासावेत.

• मराठी आणि इंग्रजीतील नाव सर्व कागदांवर एकाच पद्धतीने लिहावे. पुढे नाव बदलायचे झाल्यास राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते.

थोडक्यात, विमल हे बाईचेही नाव आहे आणि पुरुषाचेही. एखाद्या गावात ते कोणाचे मानले जाते, हे शब्दकोशापेक्षा तिथे ते कोणी गाजवले यावर अधिक ठरते. केजपुरते बोलायचे तर ते एका डॉक्टर आमदारबाईंनी गाजवले.