इनॉर्डिनेट : उशीर कधी अवाजवी होतो?

आजचा शब्द 'इनॉर्डिनेट'. उच्चारताना जोर 'नॉर'वर द्या, शेवटचा 'नेट' ताणू नका.

कॅप्टन असताना मी एका पत्रात दोन दिवसांच्या उशिराला 'इनॉर्डिनेट डिले' लिहिलं. सीओ साहेबांनी तो शब्द लाल शाईने खोडला आणि विचारलं, "मुदत काय दिली होतीस?" मुदत दिलीच नव्हती! या शब्दाच्या लॅटिन मुळात 'क्रम लावणे' आहे. जे क्रमात, मर्यादेत बसत नाही ते इनॉर्डिनेट. आपल्याकडे अवाजवी, प्रमाणाबाहेर. म्हणजे आधी प्रमाण ठरलेलं हवं.

हे मला नीट उमगलं तंजावरकडच्या खेड्यांत. व्यंकोजीराजांच्या काळापासून त्या भागात मराठी घरं आहेत. त्यांची मराठी ऐकायला गेलो आणि पाण्याच्या गप्पांत अडकलो. कावेरीला पूर आला की जास्तीचं पाणी कोळ्ळिडम नदीत जातं. ते 'सरप्लस', नुसतं जादा. त्यात दोष नाही. पण मेट्टूर धरणातून पाणी सोडायची रूढ तारीख 12 जून. त्यावर कुरुवै हे कमी दिवसांचं भाताचं पीक उभं राहतं. पाणी महिना-दीड महिना लांबलं, की ज्याच्याकडे बोअर नाही त्याचं कुरुवै गेलंच. मग सगळी भिस्त पुढच्या सांबा पिकावर. पेन्शनच्या फायलीला महिना म्हणजे काहीच नाही (अनुभवाने सांगतो), इथे मात्र तो इनॉर्डिनेट.

आता मोठा हिशेब बघा. कावेरी लवाद नेमला गेला 2 जून 1990 ला. अंतिम निवाडा आला 5 फेब्रुवारी 2007 ला. तो राजपत्रात छापायला 2013 उजाडलं, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 16 फेब्रुवारी 2018 चा. दरम्यान 2002 च्या कायदा दुरुस्तीने अशा लवादांना तीन वर्षं, फार तर आणखी दोन, अशी मुदत घातली. त्या मापाने सोळा वर्षं आठ महिने मोजा. इथे सीओ साहेबांनीही शब्द खोडला नसता.

वापर सोपा आहे. उशीर, वेळ, प्रमाण, मागणी यांना तो शोभतो. किमतीला बहुधा 'एक्सॉर्बिटंट' म्हणतात. 'इनॉर्डिनेटली प्राउड' चालतं. पण एखाद्या माणसालाच 'इनॉर्डिनेट' आजकाल कुणी म्हणत नाही. आणि तक्रार अर्जात लिहिणार असाल, तर त्याच वाक्यात ठरलेली तारीखही घाला.