मधुमेह, विषाद आणि व्यायाम : डॉ. मेरी डी ग्रूट यांच्या संशोधनाच्या निमित्ताने

प्रमेहाच्या हेतूंत चरकाचार्यांनी आस्यासुख व स्वप्नसुख यांचा समावेश केला, हे आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. त्यामुळे औषधपत्राच्या शेवटी ‘रोज चालणे’ असे आपण लिहितोच. महिन्याने रुग्ण येतो, चाललेला नसतो; आपण त्याची ‘अपथ्यकर’ म्हणून नोंद करतो आणि मात्रा वाढवतो. तो का चालला नाही, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ डॉ. मेरी डी ग्रूट यांचे संशोधन नेमके या प्रश्नाशी निगडित आहे. २००१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह २७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. दृष्टिपटल, वृक्क, नाड्या व रक्तवाहिन्या यांचे मधुमेहजन्य उपद्रव आणि विषाद यांचा निश्चित संबंध त्यात दिसून आला. कोणता आधी व कोणता नंतर, हे अशा विश्लेषणावरून ठरत नाही. परंतु चरकाचार्यांनी अग्र्यसंग्रहात रोगवर्धक भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे, त्याचे येथे स्मरण होते.

त्यांचा पुढील प्रयत्न अधिक व्यवहारोपयोगी आहे. टाइप २ मधुमेह व विषाद दोन्ही असलेल्या १४० प्रौढांचे त्यांनी चार गट केले. एकास बोधनिक-वर्तन उपचारांची, म्हणजे विचार व वर्तनाच्या सवयी बदलणाऱ्या समुपदेशनाची १० सत्रे, दुसऱ्यास १२ आठवड्यांचा व्यायाम, तिसऱ्यास दोन्ही, चौथ्यास केवळ नेहमीचे उपचार. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या तिन्ही गटांत विषाद चौथ्या गटापेक्षा अधिक ओसरला. व्यायामाच्या गटात ग्लायकेटेड हिमोग्लोबिनही सुधारले. अभ्यास लहान आणि परदेशातील आहे, तेव्हा येथील रुग्णांस तो जसाच्या तसा लागू करणे योग्य नव्हे. मात्र एक तपशील महत्त्वाचा वाटतो : व्यायामाच्या गटास केवळ ‘चाला’ असे सांगून सोडलेले नव्हते, प्रशिक्षकासह सहा वर्गही होते. विषादग्रस्ताचा उत्साहच क्षीण झालेला असतो. त्याला उपदेश पुरत नाही, सोबत लागते.

म्हणून मधुमेही रुग्णास दोन प्रश्न अवश्य विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत मन वारंवार खिन्न राहिले का? आवडीच्या गोष्टींतला रस गेला का? उत्तर होकारार्थी असल्यास विस्ताराने चौकशी करावी, आणि जीवन नकोसे झाल्याचा विचार आढळल्यास विनाविलंब मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. व्यायामाचा प्रारंभ जेवणानंतरच्या दहा मिनिटांच्या चालण्यापासून, शक्यतो घरातील एखाद्या व्यक्तीसोबत करावा. आठवड्यास १५० मिनिटे हे सर्वमान्य उद्दिष्ट हळूहळू गाठता येते. कृश, दुर्बल प्रमेहीस स्थूल प्रमेहीचे माप लावू नये, हे सांगणे नलगे.

मात्रेसाठी अर्धशक्तीचा निकष आजही उत्तम आहे, पण येथे एक धोका आहे. ललाटावरील स्वेद हे अर्धशक्तीचे लक्षण, तसाच रक्तशर्करा घसरल्यावरही घाम येतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड वा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णास घामासोबत कंप, तीव्र भूक किंवा गोंधळलेपण जाणवल्यास त्याने तत्काळ थांबून साखर घ्यावी. अशा रुग्णाने खिशात साखर ठेवल्याशिवाय चालावयास जाऊच नये.

सुश्रुताचार्यांनी निर्धन प्रमेहीस पादत्राणांविना शंभर योजने चालावयास सांगितले आहे. व्यायामावरील त्यांचा भर शिरोधार्य मानावा, अनवाणीपणा मात्र नव्हे. हातापायांची सुप्तता व दाह ही प्रमेहाची पूर्वरूपे संहितेतच सांगितली आहेत. बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही, आणि जखम चिघळल्यावर प्रसंगी पाय गमवावा लागतो. प्रत्येक भेटीत पाय उघडे करून पाहावेत.

औषधी-विक्रेत्या बंधूंचे स्थानही येथे मोठे आहे. दरमहा येणारा ग्राहक दोन-तीन महिने फिरकत नाही, किंवा ‘आता काय उपयोग’ म्हणून अर्धेच औषध नेतो, ही गोष्ट त्यांच्याच प्रथम लक्षात येते. ती त्यांनी वैद्यांस कळवावी. विषादावरील चालू औषधे चूर्ण-वटीच्या भरवशावर बंद करण्याचा सल्ला मात्र कोणीही देऊ नये. ती अकस्मात थांबवल्यास त्रास होतो, आणि ती कमी करण्याचा निर्णय ती देणाऱ्या चिकित्सकाचाच असावा.