गोष्ट आपली, पण माणसं दुसरीही असतात

हळदीकुंकवाला, लोकलच्या डब्यात, शेजारणीकडे चहा घेताना आपण बायका मनातलं बोलून मोकळ्या होतो. बोलावंच! ‘घरातलं बाहेर काढू नये’ या शिकवणुकीपायी कितीजणींचं दुःख उंबऱ्याआडच राहिलं. पण आपल्या गोष्टीत नवरा, सासू, नणंद, मुलंही असतातच. त्यांना कोण विचारतं?

आत्मकथा लिहिणाऱ्या बायकांपुढेही हा प्रश्न होता. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली आल्या. न्यायमूर्ती १९०१ मध्येच गेले होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४चा, रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये वारले. सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ मात्र १९९० साली, पु. ल. हयात असताना आलं. केवढी चर्चा झाली त्यावर! लक्ष्मीबाई टिळकांचा तऱ्हेवाईकपणा लपवत नाहीत, पण स्वतःची फजितीही तितक्याच मोकळेपणाने सांगतात. म्हणून ती कागाळी वाटत नाही.

आपणही हेच धोरण ठेवावं. मी जे सोसलं ते माझं. ते सांगायला कोणाची परवानगी नको. छळ सोसणाऱ्या बाईने तर घराण्याच्या अब्रूसाठी गप्प बसूच नये. पण नणंदेचं मोडलेलं लग्न, जावेचं औषधपाणी या गोष्टी त्यांच्या. आपल्याला त्या ठाऊक आहेत, इतकंच.

‘नाव नाही हं सांगत’ म्हणून भागत नाही. ‘आमची धाकटी जाऊ’ म्हटलं की साऱ्या बिल्डिंगला कळतं! मुलांच्या बाबतीत तर फार जपावं. आईने हसत हसत सांगितलेली अंथरूण ओलं करण्याची गोष्ट मधल्या सुट्टीत चिडवायला कशी पुरते, हे मी शाळेत पाहते. तोंडून गेलेलं निदान विसरलं तरी जातं. फोनवरून पाठवलेलं कोणाकोणाकडे राहील, सांगता येत नाही.

मग सांगण्याआधी काय करावं? ती व्यक्ती दाराशी उभी राहून ऐकतेय, असं समजा. आवाज खाली आला, तर का आला ते स्वतःलाच विचारा. भीतीने आला असेल, तर विश्वासाच्या माणसाला जरूर सांगा, मदत मागा. ओशाळल्यामुळे आला असेल, तर तेवढा भाग गाळा. गोष्ट तरीही तुमचीच राहील!