किल्ली बेथलेहेमची, तोफा कामचाटकात

क्रिमियन युद्धाची सुरुवात वाचताना डोकं चक्रावतं. १८४७ मध्ये बेथलेहेमच्या चर्चमधला चांदीचा तारा गायब झाला. कॅथलिकांनी बोट दाखवलं ऑर्थोडॉक्स भिक्षूंकडे. कॅथलिकांची पाठराखण फ्रान्सने केली, ऑर्थोडॉक्सांची रशियाने. मधल्यामध्ये ओस्मानी सुलतानाची पंचाईत! १८५२ अखेर त्याने चर्चची किल्ली कॅथलिकांना दिली.

किल्ली हे अर्थात निमित्त. झार निकोलस पहिला याचा डोळा दुबळ्या ओस्मानी साम्राज्यावर होता. जुलै १८५३ मध्ये त्याने मोल्दाविया आणि वालाकिया या ओस्मानी अधिपत्याखालच्या प्रांतांत सैन्य घुसवलं; ऑक्टोबरात तुर्कांनी युद्ध पुकारलं. तरीही हा दोघांचाच मामला होता.

मग ३० नोव्हेंबरला सिनोपच्या बंदरात रशियन आरमाराने स्फोटक गोळ्यांनी तुर्की जहाजं जाळली. ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याला सरळ ‘कत्तल’ म्हटलं, लोकमत पेटलं आणि मार्च १८५४ मध्ये ब्रिटन-फ्रान्स युद्धात उतरले.

खरी गंमत पुढे आहे. ऑस्ट्रियाच्या दबावामुळे रशियाने त्याच उन्हाळ्यात दोन्ही प्रांत सोडले. भांडणाचं कारणच संपलं! पण रशियाचं काळ्या समुद्रातलं आरमार मोडायचंच, या हट्टाने दोस्तांच्या फौजा सप्टेंबरात क्रिमियात उतरल्या. तोवर बाल्टिकमध्येही लढाई झाली होती, पार कामचाटकाच्या प्रशांत किनाऱ्यावरच्या पेत्रोपावलोव्हस्कवरही तोफा डागल्या गेल्या होत्या. १८५५ मध्ये तर सार्डिनियाही सामील झालं, रशियाशी थेट वैर नसताना. सार्डिनियाचा पंतप्रधान काव्हूर याला इटलीच्या प्रश्नासाठी मोठ्यांच्या पंगतीत पाट हवा होता.