सरडा झोपला की आजारी पडला?

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील रखरखीत प्रदेशात ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणजे दाढीवाला सरडा आढळतो. अनेक देशांत तो घरी पाळतात. एरवी दिव्याखाली शेकत बसणारा हा प्राणी एखाद्या हिवाळ्यात खाणे सोडतो, कोपऱ्यात दडून दिवसच्या दिवस झोपतो. असे का होते?

सरड्याच्या शरीराला ऊब बाहेरून मिळवावी लागते. ऊब नसेल तर अन्न पचत नाही. मायदेशी जून ते ऑगस्ट हा थंडीचा काळ. तेव्हा तो खाणे थांबवतो, शरीराच्या क्रिया मंदावतात. ही त्याची शीतनिद्रा.

पण आजारातही हीच लक्षणे दिसतात. झोपलेल्याला बळेच भरवले तर अन्न पोटात कुजते. आजाऱ्याला झोपू दिले तर तो दगावतो. मग ओळखावे कसे? दर आठवड्याला वजन करून! शीतनिद्रेत ऊर्जेचा खर्च थोडा, म्हणून वजन फारसे घटत नाही. ते झपाट्याने उतरले, पाय थरथरले किंवा जबडा मऊ पडला, तर पशुवैद्याकडे न्यावे. अतिनील किरणांअभावी ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे दुबळी होतात.

लक्षण एक, कारणे दोन. निवाडा मोजमापाने करावा.