३६ फोटोंत आतषबाजी

बऱ्याच घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर जुना रोलचा कॅमेरा अजून पडून असतो. मोबाईल आल्यापासून त्याला कोणी विचारीत नाही. परंतु रात्रीची आतषबाजी टिपायला शिकायचे असेल, तर त्याच्यासारखा शिक्षक नाही असे आम्हांला वाटते. रोल महाग, धुलाई महाग, फोटो ३६ आणि काय आले ते लगेच दिसत नाही. म्हणून तयारी आधीच करावी लागते.

फ्लॅश बंद ठेवावा. त्याचा उजेड आकाशापर्यंत पोचत नाही. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवावा, लेन्स अनंतावर फिरवावी, शटर 'बी'वर ठेवावे. बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते. बोटाने कॅमेरा हलतो, म्हणून केबल रिलीज लावावी.

आता मुख्य मुद्दा. शटर जास्त वेळ उघडे ठेवले की बाण उजळ येईल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. ठिणगी सतत सरकत असते. फिल्मच्या एका जागी ती क्षणभरच असते. म्हणून रेषेचा उजळपणा लेन्सच्या छिद्रावर ठरतो. वेळेवर ठरते ती रेषेची लांबी आणि बाणांची संख्या. रोल १०० आयएसओचा असेल तर छिद्र एफ ८ ते एफ ११ ठेवावे. छिद्र फार मोठे ठेवले तर स्ट्रॉन्शियमचा तांबडा, बेरियमचा हिरवा, सारेच रंग पांढरे पडतात. बाण चढताना शटर उघडावे, फुलून विझला की मिटावे. दोन ते चार सेकंद पुरतात. एका फोटोत तीन बाण हवे असतील, तर शटर उघडेच ठेवून मधल्या वेळात लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरावा.

वाऱ्याची दिशा पाहून, धूर आपल्याकडे येणार नाही अशी जागा धरावी. सुरुवातीचे बाण सोडू नयेत. तेव्हा आकाश स्वच्छ असते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर उभे असाल तर किनाऱ्यावरच्या दिव्यांची रांगही चौकटीत घ्यावी, म्हणजे बाण किती उंच गेला ते कळते.

रोलचा पहिला फोटो मात्र दिवसाउजेडी घरच्या आजीचा काढावा. रात्रीच्या निगेटिव्हवर काळे आकाश कोरे दिसते आणि कापणाऱ्याला फोटोची हद्द सापडत नाही. आजीच्या फोटोवरून ती सापडते.

आम्ही पडलो कारकून. त्यामुळे वहीचा आग्रह धरतो. फोटोचा क्रमांक, छिद्र, सेकंद लिहून ठेवावेत. रोल धुऊन आला की मुलामुलींना वही घेऊन शेजारी बसवावे आणि कोणता फोटो का साधला, ते त्यांनाच शोधू द्यावे.