फाईलमधले ९०० हे १६२० पेक्षा मोठे कसे ठरतात?

देवगाव फाटा परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात. मंठ्याकडून येणारी वाट इथे फुटते. एक सेलूला जाते, दुसरी जिंतूरला. आजूबाजूला सोयाबीन, कापूस, तूर. खरीप बिघडला की इथल्या घराघरांत दोन आकड्यांची चर्चा सुरू होते. पहिला ६५. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस भरला तर ती अतिवृष्टी. दुसरा आकडा पीक विम्यातला, 'उंबरठा उत्पादन'. मंडळाचं यंदाचं सरासरी उत्पादन त्याच्या खाली गेलं तरच भरपाईचा प्रश्न उभा राहतो.

दोन्हीकडचं गणित सातवी-आठवीचं आहे. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांनाही पहिल्या काही आठवड्यांत हाच धडा असतो: फाईलमधून आकडे वाचा, सरासरी काढा, किमान-कमाल सांगा. इतका सोपा की त्यात चूक कसली होणार? पण या धड्यातल्या बहुतेक चुका कुरकुर करत नाहीत. प्रोग्राम चालतो, पडद्यावर नीटनेटकं उत्तर येतं आणि ते चुकीचं असतं. बेरीज-भागाकारात संगणक सहसा चुकत नाही. घोळ होतो तो त्याआधी, फाईल वाचताना.

गैरसमज: फाईलमध्ये आकडे असतात

साध्या टेक्स्ट फाईलमध्ये किंवा सीएसव्हीत असतात ती अक्षरं. 'नऊ, शून्य, शून्य' अशी तीन चिन्हं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. त्यांची नऊशे ही संख्या करायची असं प्रोग्रामला सांगावं लागतं. सांगितलं नाही तर तो त्यांना शब्दांसारखं वागवतो, आणि शब्दकोशाच्या क्रमात '९००' हे '१६२०' च्या नंतर येतं, कारण पहिलं अक्षर ९ हे १ च्या पुढचं.

यानं काय बिघडतं ते उंबरठा उत्पादनावर पाहू. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मागच्या सात वर्षांपैकी सर्वाधिक उत्पादनाची पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीम स्तरानं गुणायचं. महाराष्ट्रात हा स्तर ७० टक्के धरलेला आहे. समजा एका मंडळात सोयाबीनचं सात वर्षांचं हेक्टरी उत्पादन किलोत असं आहे: १४५०, ६२०, १३८०, १५१०, ९००, १६२०, १३४०. (हे आकडे समजावण्यापुरते रचलेले आहेत.) वरची पाच वर्षं १६२०, १५१०, १४५०, १३८०, १३४०. सरासरी १४६०. तिचे ७० टक्के म्हणजे १०२२ किलो. यंदा मंडळात ९५० किलो निघालं असेल तर तूट ७२ किलोची, उंबरठ्याच्या साधारण ७ टक्के. विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये असेल तर हेक्टरी सुमारे साडेतीन हजार रुपये मिळायला हवेत.

आता तोच क्रम अक्षरांचा लावा. उतरत्या क्रमात सगळ्यांत वर येतात ९०० आणि ६२०, म्हणजे नेमकी दुष्काळी वर्षं. त्यांच्या मागून १६२०, १५१०, १४५०. सरासरी १२२०, उंबरठा ८५४. यंदाचे ९५० त्याच्या वर. भरपाई शून्य.

प्रत्यक्ष योजनेच्या हिशेबात असं झालं असं मी म्हणत नाही. पण हातानं लिहिलेल्या दहा ओळींच्या पायथन प्रोग्राममध्ये हे अगदी सहज होतं, आणि पायथन एका शब्दानं तक्रार करत नाही, कारण शब्दांचा क्रम लावणं हा गुन्हा नाही. जावास्क्रिप्ट तर त्याहून पुढे गेलेली. तिचं क्रम लावणारं 'सॉर्ट' फंक्शन, वेगळं सांगितलं नाही तर, खऱ्या संख्यांनाही आधी अक्षरं करतं आणि मग मांडतं.

याच उदाहरणात दुसरा एक समज तपासून घेता येतो. विम्यातली 'सरासरी' म्हणजे सातही वर्षांची सरासरी, असं पुष्कळांना वाटतं. सातांची साधी सरासरी १२६०, तिचे ७० टक्के ८८२. तसं धरलं असतं तरी ९५० वाल्याला काहीच मिळालं नसतं. दोन वाईट वर्षं गाळण्याची तरतूद शेतकऱ्याच्या बाजूची आहे. म्हणून प्रोग्राममध्ये ती दोन वर्षं बरोबर ओळखली गेली की नाही, यावरच सगळं अडतं.

गैरसमज: मराठी अंक संगणकाला कळत नाहीत

कुठला प्रोग्राम, यावर ते आहे. युनिकोडमध्ये ० ते ९ या देवनागरी अंकांना स्वतःची जागा आहे आणि ते अंक आहेत अशी नोंदही आहे. पायथनला '९५०' देऊन पूर्णांक मागितला तर तो मुकाट नऊशे पन्नास देतो. जावाचंही तसंच. जावास्क्रिप्टला तेच दिलं तर 'ही संख्या नव्हे' असं उत्तर येतं. सगळ्यांत धोकादायक सी भाषेतलं जुनं 'एटोआय' फंक्शन. त्याला अंक ओळखता आला नाही तर ते शून्य परत करतं. तलाठ्याच्या वहीवरून मराठीत टंकलेली पावसाची फाईल त्याला दिली तर आख्खा पावसाळा कोरडा दिसेल, आणि चूक झाली असा इशारा कुठेच येणार नाही.

स्वल्पविरामाचं दुखणं वेगळं. आपण '१,२५०' लिहितो. पायथन त्यावर सरळ अडून बसतो. आकडा इंग्रजी अंकांत असला तर सी आणि जावास्क्रिप्टची काही फंक्शनं स्वल्पविरामापर्यंत वाचतात, थांबतात आणि बाराशे पन्नासच्या जागी १ धरतात. शिकाऊ मुलांना पायथनचं हे अडणं त्रासाचं वाटतं. मला ते उपकाराचं वाटतं. असंच अडणं आणखी एका जागी दिसतं: एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून फाईल साठवली की सुरुवातीला डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह बसतं आणि पहिलीच ओळ वाचताना प्रोग्राम कोसळतो. फाईल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' सांगितलं की ते चिन्ह गळून पडतं.

गैरसमज: रिकामी जागा म्हणजे शून्य

पावसाच्या नोंदीत हा समज फार महाग पडतो. शून्य म्हणजे कुणीतरी मापक पाहिलं आणि त्यात पाणी नव्हतं. रिकामी जागा म्हणजे कुणी पाहिलंच नाही, किंवा यंत्र बंद होतं, किंवा माहिती पोहोचली नाही. सात दिवसांच्या सात ओळी समजा: ०, ४.५, १२, (रिकामी), ७२.५, ३, ०. मोजलेल्या सहा दिवसांची सरासरी १५.३ मिलिमीटर. रिकाम्या ओळीला शून्य धरलं तर ती १३.१ वर येते. भारतीय हवामान विभागाच्या जाळीबद्ध पावसाच्या फाईलींमध्ये नसलेल्या नोंदीच्या जागी उणे ९९९ हा आकडा असतो. तो जसाच्या तसा बेरजेत घेतला तर या आठवड्याचा पाऊस रोज सरासरी उणे १३० मिलिमीटर निघतो. ही चूक निदान हास्यास्पद असल्यामुळे लगेच पकडली जाते. वर्षभराच्या फाईलमध्ये नोंदी नसलेले पाच-सात दिवस शून्य धरले गेले तर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

पायथनसोबत वापरल्या जाणाऱ्या साधनांचंही इथे एकमत नाही. पांडाज रिकाम्या जागा आपणहून वगळून सरासरी काढतं. नमपायला एक जरी रिकामी जागा सापडली तरी ते सगळ्या उत्तरावरच काट मारतं.

तारखेचीही एक मेख आहे. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आधीच्या चोवीस तासांचं पाणी त्या दिवसाच्या नावे लिहितात. १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला मराठवाड्यात मुसळधार झाली. त्यातला १ तारखेच्या रात्रीचा पाऊस फाईलमध्ये २ तारखेच्या ओळीत असतो. पावसाची फाईल आणि नुकसानीची फाईल तारखेवरून जुळवणाऱ्यानं हे ध्यानात ठेवलं नाही तर आधी पिकं वाहून गेली आणि मग पाऊस पडला, असं दिसू लागतं.

गैरसमज: सरासरी कळली म्हणजे परिस्थिती कळली

वरच्याच आठवड्यात सरासरी १५.३. पण पंधरा मिलिमीटरच्या आसपास पाऊस एकाच दिवशी झाला, बाकीचे दिवस त्यापासून लांब. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमानं लावून मधला (इथे सहा आकडे, म्हणून मधल्या दोघांची सरासरी), काढला तर ३.७५ येतो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि अतिवृष्टीच्या प्रश्नाला दोन्ही निरुपयोगी. तिथे लागतो कमाल आकडा, ७२.५. सरासरीनं नेमका तोच दिवस पुसून टाकला.

बाजार समितीच्या भावफलकावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. सर्वसाधारण म्हणजे किमान आणि कमाल यांच्या मधोमधचा, असं समजणारे खूप. तो असतो सर्वांत जास्त माल ज्या भावानं विकला गेला तो दर. संख्याशास्त्रात याला बहुलक म्हणतात. किमान ३५००, कमाल ४५०० आणि सर्वसाधारण ४३५० असू शकतो. अशा दिवशी दोन टोकांची बेरीज निम्मी करून ४००० काढणारा प्रोग्राम बाजार पडला असं सांगेल.

आवक न पाहता दरांची सरासरी काढणं, हे याचंच भावंड. एका दिवशी २० क्विंटल ४८०० नं गेलं, दुसऱ्या दिवशी २०० क्विंटल ४२०० नं. दरांची सरासरी ४५००. शेतकऱ्यांच्या हाती प्रत्यक्ष पडलेला सरासरी भाव मात्र ४२५५ च्या आत. मंडळांच्या सरासरीवरून तालुक्याची आणि तालुक्यांच्या सरासरीवरून जिल्ह्याची सरासरी काढतानाही हाच प्रश्न येतो: प्रत्येकाला सारखं वजन द्यायचं की क्षेत्राप्रमाणे? संगणकाला सांगितलं नाही तर तो सारखंच देतो.

काही छोटे समज, झटपट

किमान शोधताना सुरुवातीला शून्य धरलं तर चालतं? नाही. सगळी उत्पादनं शून्याच्या वर असतील तर उत्तर कायम शून्यच राहील. सुरुवात फाईलमधल्या पहिल्या आकड्यानं करावी. सी भाषेत 'फाईल संपली का' असं आधी विचारून मग वाचणारे प्रोग्राम शेवटचा आकडा दोनदा मोजतात, कारण फाईल संपल्याचं तिला एक वाचन फसल्यावरच कळतं. त्याच भाषेत पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की ७ भागिले २ चे ३ होतात आणि अर्धा गायब. आणि मोठ्या फाईलसाठी मोठा संगणक लागतो हेही खरं नाही. बेरीज, संख्या, किमान, कमाल यांसाठी एका वेळी एक ओळ हातात असली तरी पुरते. मध्यकाला मात्र क्रम लागतो, त्यामुळे त्याला बहुधा सगळे आकडे समोर लागतात.

गैरसमज: दोन प्रोग्रामची उत्तरं वेगळी आली तर एक चुकलाच

सोयाबीनच्या त्या सात वर्षांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा फैलाव, काढा. नमपाय ३३६ सांगतं; पांडाज आणि एक्सेलचं नेहमीचं सूत्र ३६२. दोघंही बरोबर. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज एकानं ७ नं भागली, दुसऱ्यानं ६ नं. हीच सात वर्षं म्हणजे सगळी माहिती असेल तर ७. ही सात वर्षं मोठ्या काळाचा नमुना असतील तर ६, कारण नमुन्यातून काढलेली सरासरी नमुन्याच्याच जवळ बसते आणि फैलाव थोडा कमी दिसतो. आकडे हजारांत असतील तर हा फरक नगण्य. पीक विम्यासारख्या सात-सात ओळींच्या फाईलमध्ये तो २६-२७ किलोंचा होतो.

०.१ दहा वेळा एकात एक मिळवत गेलं तर ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं, यावरून संगणकाला बेरीज येत नाही असं म्हणणारेही भेटतात. ०.१ द्विमानात नेमका मांडता येत नाही, एवढंच त्यामागचं कारण. पर्जन्यमापकाच्या आकड्यांना यानं बाधा येत नाही. दोन अपूर्णांक 'अगदी समान आहेत का' असं विचारलं तरच अडचण.

गैरसमज: फाईल लांबली की उत्तर सुधारतं

उत्पादनाचा आकडा बऱ्याच अंशी येतो पीक कापणी प्रयोगातून. शेतात ठरावीक मापाचा भूखंड आखायचा, तेवढंच पीक कापून वजन करायचं. ही पद्धत भारतात रुजवणाऱ्यांमध्ये पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते, १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले, पुढे अन्न आणि कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झालेले. भूखंड केवढा घ्यावा यावरून त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा वाद झाला. १९४६ मध्ये सुखात्म्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं की फार लहान भूखंडात उत्पादन फुगून दिसतं. दोरीवर येणारं झाड आतलं की बाहेरचं, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात आतल्या बाजूला झुकतो. आणि भूखंड जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्राच्या मानानं काठ जास्त. असे शंभरऐवजी हजार भूखंड कापले तरी फुगवटा कमी होत नाही. सरासरी स्थिर होत जाते, आणि होते ती फुगलेल्याच आकड्यावर.